दाद न देणारा आजार आणि औषधाची परीक्षा

जुन्या मुंबई–आग्रा रस्त्याने भिवंडी मागे टाकून शहापूरच्या दिशेने निघाले, की दुतर्फा गोदामांची अफाट रांग लागते, आणि ती आता कोठे विरळ होईल असे वाटत असतानाच ठाणे जिल्ह्यातील पडघा हे गाव येते. मुंबईकरांना हे नाव ठाऊक असते ते बहुधा महामार्गावरील टोलनाक्यामुळे, किंवा जेथून मुंबईच्या दिशेने उच्चदाबाच्या वाहिन्या निघतात त्या वीज-उपकेंद्रामुळे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून पडघ्याचे नाव झळकून गेले होते. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ पडघ्यापासून करण्याचे प्रयोजन मात्र निराळे आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी व संशोधनासाठी उभ्या देशात नावाजलेली दोन स्थाने, म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ हे प्रगत केंद्र, पडघ्याहून सकाळी निघालेल्या माणसाला दुपारच्या आत गाठता येतात. गांधारीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडून कल्याणला यावे, तेथून लोकलने परळ गाठावे किंवा शीळफाटा-तळोजामार्गे खारघरला उतरावे, इतका तो सरळ रस्ता आहे. रस्ता सरळ असला, तरी त्या केंद्रांत चालणारे कार्य आणि या गावातील सामान्य कुटुंबाची त्याविषयीची समजूत यांत जे अंतर आहे, ते किलोमीटरांत मोजता येणारे नाही. आणि ते थोडेसे तरी कमी व्हावे, हाच या लेखाचा हेतू आहे.

रक्ताचा कर्करोग अशा घरात शिरतो तो सहसा दुसऱ्याच कोणाच्या नावाने. घरातला कर्ता पुरुष गोदामात हमालीला जाताना दमू लागतो, ताप येतो आणि हटत नाही, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, अंगावर मार लागल्याचे स्मरत नसता काळेनिळे डाग उमटतात. मलेरिया म्हणून गोळ्या होतात, अशक्तपणा म्हणून सलाइन लागते, आणि मग केव्हातरी कल्याणच्या एखाद्या प्रयोगशाळेतून रक्ततपासणीचा कागद येतो, ज्यावर चार हजार ते अकरा हजार या मर्यादेत असावयास हव्या त्या पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात गेलेल्या असतात. मग “टाटाला न्या” एवढे दोन शब्द उच्चारले जातात आणि त्या घराचे कॅलेंडर बदलून जाते. फाइल निघते, बोन मॅरो काढून तपासला जातो, केमोच्या सायकली सुरू होतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकतो, कोणी परळच्या नाना पालकर स्मृति समितीच्या सदनात, आणि पडघ्यासारख्या जवळच्या गावची माणसे पहाटेची गाडी पकडून येजा करतात. काउंट सुधारतात, केस परत येतात, आणि हायसे वाटू लागावे अशा वेळी पुष्कळांच्या बाबतीत आजार उलटतो. पहिली औषधे पुन्हा दिली जातात, त्यांना तो दाद देत नाही. दुसरी दिली जातात, त्यांनाही देत नाही. अशा टप्प्यावर डॉक्टर सांगतात की एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तुमच्या रुग्णाचे नाव तीत घालता येईल, आणि समोर बसलेला भाऊ किंवा मुलगा विचारतो, “म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का, डॉक्टरसाहेब?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे खरे उत्तर ‘होय’ असे आहे. ते उत्तर टाळून जो डॉक्टर गोड शब्दांत वेळ मारून नेतो, तो रुग्णाचे हित करीत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हा ‘होय’ म्हणजे नेमके काय, हे समजण्यापूर्वी आजार औषधांना दाद देईनासा का होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

या कथेचा एक धागा मुंबईच्याच कापडगिरण्यांपर्यंत जातो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचे मूळ शोधावयाचे, हे तिचे काम. पुष्कळ खटपटीनंतर तिला असे आढळले, की यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे ज्याला पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले ते जीवनसत्त्व होय. जे द्रव्य रक्त वाढवते ते ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांनाही गुण देईल, या आशेने अमेरिकेतील बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी त्याच वर्गातील द्रव्ये आपल्या बालरुग्णांना देऊन पाहिली, तो आजार उलट भडकला. ज्याने आजार वाढतो त्याच्या नेमके विरुद्ध द्रव्य दिले तर? हा विचार फार्बर यांच्या मनात आला, आणि ते विरोधी द्रव्य, अमिनोप्टेरिन, त्यांना पुरवले ते लेडर्ले प्रयोगशाळेत काम करणाऱ्या येल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूने. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा मुलांना निश्चित गुण आला होता. ल्युकेमियाचा रुग्ण काही काळ का होईना आजारातून बाहेर येऊ शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. तथापि तो गुण तात्पुरता होता, आजार परतला. म्हणजे केमोथेरपीच्या जन्मपत्रिकेतच औषधाला न जुमानणाऱ्या पेशींचा योग लिहिलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

असे का होते? भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे एकच कीटकनाशक फवारीत राहिले, की मरणारी कीड मरते आणि जी थोडी जात्याच निबर असते तिचीच पुढे पैदास होऊन एके दिवशी सारे खाचर तिनेच भरते, हे पडघ्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. रक्तातील कर्कपेशी कोट्यवधी असतात, त्या विभागताना त्यांच्या जनुकांत चुका होत असतात, आणि एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे ती पेशी औषधातून सुटते. बाकीच्या मरतात, ही उरते, आणि आजार परत येतो तो हिच्या वंशाचा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे आहे. या रोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. तिचे दृश्य चिन्ह १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडले, आणि ती अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. त्या सांध्यातून एक विपरीत प्रथिन निर्माण होते, जे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा अखंड हुकूम सोडीत राहते. नेमक्या त्या प्रथिनाच्या बेचक्यात जाऊन बसणारे इमॅटिनिब हे औषध ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये रुग्णांना देण्यास आरंभ केला. पुरेशी मात्रा मिळालेल्या चोपन्न रुग्णांपैकी त्रेपन्न जणांचे रक्त पूर्ववत झाले, आणि २००१ च्या मे महिन्यात त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. एवढ्या विजयाचा गुलाल खाली बसण्यापूर्वीच, त्याच वर्षी, काही रुग्णांत औषध निष्प्रभ ठरल्याचे कारणही हाती आले: त्या प्रथिनाच्या साखळीतील ३१५ व्या स्थानावरचा एकच दुवा बदलला होता, आणि तेवढ्याने औषधाला तेथे बसावयास जागाच उरली नव्हती. मागाहून आलेली अधिक प्रबळ औषधेही या एका दुव्यापुढे हतबल झाली. पोनॅटिनिब हे औषध त्यालाही पुरून उरले आणि २०१२ च्या अखेरीस मान्यता पावले. परंतु अवघ्या दहा महिन्यांनी, रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचे प्रमाण चिंताजनक आढळल्यावरून, अमेरिकेत त्याची विक्री तहकूब करावी लागली. पुढे कडक अटी घालून ते परत आले. मंजुरीचा शिक्का उमटला म्हणजे परीक्षा संपली असे नसते, हे या प्रकरणावरून उघड व्हावे.

आता चाचणी म्हणजे काय? औषध रुग्णाला देऊन पाहणे, एवढाच तिचा अर्थ घेतला तर गावोगावचे भोंदूही चाचण्याच करीत असतात. चाचणीचे वैशिष्ट्य हे की तीत प्रश्न आधी लिहून ठेवलेला असतो. कोणत्या रुग्णांना घ्यावयाचे, किती मात्रा द्यावयाची, काय घडले म्हणजे गुण आला असे समजावयाचे आणि काय घडले म्हणजे थांबावयाचे, याचा मसुदा पहिल्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी तयार होतो, आणि मागाहून निकाल सोयीचा दिसावा म्हणून तो गुपचूप बदलता येत नाही. पहिल्या टप्प्यात मोजके रुग्ण घेऊन औषध सोसते का आणि किती मात्रेत सोसते, एवढेच पाहतात; दुसऱ्या टप्प्यात ते गुण देते का हे पाहतात; तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांत प्रचलित उपचाराशी त्याची तुलना होते. पहिल्या टप्प्यातील चाचणीत नाव घालताना आपला माणूस बरा होईल अशी हमी मानून चालणे हे स्वतःची फसवणूक करून घेणे आहे, आणि तिसऱ्या टप्प्यातील चाचणीला ‘आमच्यावर अघोरी प्रयोग’ म्हणणे हाही तितकाच गैरसमज आहे. म्हणून टप्पा कोणता, हा पहिला प्रश्न असावा.

मुंबईला ही रीत नवी नाही. ज्यांनी १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले, आणि बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरूनच ज्यांची सारी कारकीर्द झाली, त्या डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने १९८४ च्या सुमारास मुलांच्या ल्युकेमियासाठी एक ठरीव उपचारक्रम आखण्यात आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे इयान मॅग्राथ यांचे त्यात सहकार्य होते, आणि मुंबईबरोबर दिल्ली व मद्रास येथेही तो राबवला गेला. त्यापूर्वी वाचणारी मुले फार थोडी असत. या उपचारक्रमाने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले. त्यात नवे औषध एकही नव्हते. होती ती शिस्त आणि नोंद.

आणि आता खारघरकडे वळू, कारण आपल्या विषयाचे अलीकडचे आणि सर्वांत महत्त्वाचे प्रकरण तेथेच घडले आहे. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तकर्करोगावर रुग्णाच्याच पेशी सोडावयाच्या, ही कल्पना अमेरिकेत रूढ झाली ती २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीवर केलेल्या उपचारानंतर. आणि २०१७ मध्ये या उपचाराला तेथे मान्यता मिळाली. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे शिपाई असतात. त्यांना कर्कपेशी ओळखता यावी म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, ज्यायोगे त्यांच्या अंगावर एक कृत्रिम ग्राहक, म्हणजे ‘रिसेप्टर’, उगवतो. बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियात व लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी १९’ नावाची खूण असते. ती खूण दिसली की ग्राहकाने ती पकडावी आणि टी-पेशीने हल्ला करावा, अशी ही योजना आहे. हिला ‘कार-टी’ उपचार म्हणतात. अमेरिकेत एका रुग्णाच्या एका वेळच्या उपचाराची केवळ औषधाची किंमत तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाते, म्हणजे पडघ्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने ती असली काय आणि नसली काय, सारखेच.

हार्वर्डमधील संशोधन आटोपून २०१३ मध्ये मुंबईतील पवईच्या आयआयटीत रुजू झालेले राहुल पुरवार यांनी ही पेशी येथेच घडवावयाची असे मनावर घेतले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अलका द्विवेदी आणि अथर्व कारुळकर यांनी त्यात वर्षानुवर्षे काम केले, आणि २०१८ मध्ये ‘इम्युनोॲक्ट’ नावाची कंपनीही त्यातून उभी राहिली. परदेशी ग्राहकाचा एक भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला असतो. तो मानवी प्रतिपिंडाच्या वळणावर आणण्याचे काम पवईत झाले. रुग्णांची बाजू टाटा स्मारक केंद्राने उचलली: प्रौढांच्या बाजूने डॉ. हसमुख जैन आणि मुलांच्या बाजूने डॉ. गौरव नरुला ही नावे त्यात अग्रभागी येतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागामार्फत सुमारे एकोणीस कोटी रुपयांचे साहाय्य मिळाले, आणि जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत असता, भारतातील पहिल्या रुग्णाला या पेशी खारघरच्या अस्थिमज्जा-प्रत्यारोपण कक्षात देण्यात आल्या.

तो कक्ष बाहेरच्या माणसाच्या कल्पनेत एखाद्या चमत्काराच्या जागेसारखा असावा. प्रत्यक्षात तेथे जे घडते ते दिसावयास अगदी साधे आहे. प्रथम रुग्णाला एका यंत्राशेजारी काही तास निजवून ठेवतात. एका नळीने रक्त बाहेर येते, यंत्र त्यातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढते आणि उरलेले रक्त दुसऱ्या नळीने परत जाते. प्लेटलेटदान केलेल्यास हे ओळखीचे वाटेल. त्या पेशी प्रयोगशाळेत नेतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचातून नवे जनुक त्यांच्यात पोहोचवतात, त्यांची वाढ करतात, प्रत्येक खेप तपासतात. इकडे रुग्णाला, नव्या पेशींना वाव मिळावा म्हणून, थोडी केमो देतात. मग एक लहानशी पिशवी येते, तिच्यातील गढूळसर द्रव शिरेतून थेंबथेंब आत जातो आणि थोड्याच वेळात पिशवी रिकामी होते. नातेवाईक विचारतात, “एवढंच?”

खरी कसोटी त्यानंतरच्या दिवसांची. शिपायांनी हल्ला चढवला की रक्तात दाहक द्रव्यांचा लोंढा सुटतो. ताप भडकतो, रक्तदाब कोसळू शकतो, श्वास जड होऊ शकतो. त्यावर संधिवाताच्या रुग्णांसाठी काढलेले टॉसिलिझुमॅब हे औषध कामी येते, हा शोधही एमिलीच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगातून लागला. मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, आणि तो हेरण्याची रीत मोठी मनोज्ञ आहे. रुग्णाला आज कोणते वर्ष आहे, आपण कोठे आहोत, हे विचारतात. समोरच्या दोन-तीन वस्तूंची नावे सांगावयास लावतात. शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजावयास सांगतात. आणि कागदावर एक वाक्य लिहून घेतात. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा लिहावयाचे. कालच्या अक्षरापेक्षा आजचे अक्षर थरथरले, ओळ खाली घसरली, एखादा शब्द गळला, की ती धोक्याची सूचना होय. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांनी सज्ज अशा कक्षात रुग्णाच्या हस्ताक्षराला इतका मान मिळावा, याचे मला नवल वाटते आणि समाधानही.

केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या, आजार उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या बी-पेशी ल्युकेमिया व लिम्फोमाच्या रुग्णांसाठी या उपचाराला मान्यता दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार १९’ या नावाने त्याचे लोकार्पण झाले. वर्तमानपत्रांनी तेव्हा जे मथळे दिले त्यांत कर्करोग हरल्याचा सूर होता. मथळे लिहिणाऱ्यांचा तो धर्मच आहे. परंतु त्या चाचणीचा अहवाल २०२५ च्या मार्चमध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या रक्तरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो ज्याने वाचला असेल त्याचा स्वर थोडा खालच्या पट्टीत राहील. पहिला व दुसरा टप्पा मिळून ६४ रुग्ण घेतले होते. ज्यांच्या बाबतीत गुणाचा हिशेब मांडता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांना, म्हणजे शेकडा ७३ जणांना, गुण आला. यांतील प्रत्येकाच्या बाबतीत आधीचे उपचार थकले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा लहान नव्हे. पण त्याच अहवालात हेही नमूद आहे, की गुण टिकण्याचा मध्यम काळ ल्युकेमियात सुमारे आठ महिने आणि लिम्फोमात सुमारे चार महिने भरला. बहुतेक रुग्णांचे रक्ताचे काउंट काही काळ अतिशय खाली गेले. आणि दोन रुग्ण उपचाराच्या परिणामानेच दगावले. कर्कपेशी येथेही शहाणपण दाखवतात. ज्या ‘सीडी १९’ खुणेवरून त्यांना हेरावयाचे, ती खूणच काही पेशी टाकून देतात आणि शिपायांच्या नजरेतून निसटतात. सबब, या उपचाराने बरे झालेले रुग्ण आहेत हे खरे, आणि हा उपचार म्हणजे रामबाण नव्हे हेही तितकेच खरे. प्रत्येक बऱ्यावाईट गोष्टीची नोंद करून ती जगापुढे मांडली गेली, ही मला त्या चाचणीची सर्वांत मोलाची कमाई वाटते.

किमतीचा प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. येथे घडलेला उपचार परदेशी उपचाराच्या जवळजवळ दशांश खर्चात, म्हणजे तीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान होतो, असे सांगण्यात आले. दशांश ही अद्भुत काटकसर आहे. परंतु महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कुटुंबामागे वर्षाचे संरक्षण पाच लाखांचे आहे, तेव्हा तीस लाखांचा आकडा ऐकून पडघ्याचा शेतकरी रस्त्याकडेच्या जमिनीचा सातबारा काढावयास निघाला तर त्यात नवल नाही. आणि गोदामांच्या या पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाईक मिळावयास वेळ लागत नाही, हे त्याच्या दुर्दैवाचे आणखी एक कारण. इमॅटिनिबच्या बाबतीतही किमतीचा असाच प्रश्न उभा राहिला होता. मूळ कंपनीचे औषध महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास आणि भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांत, अशी तफावत होती. त्या औषधाच्या पेटंटवरून झालेल्या लढ्यात मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही संस्था उतरली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचे अपील फेटाळले. गोळी कारखान्यात लाखांनी पाडता येते, म्हणून तिची किंमत उतरली. रुग्णागणिक स्वतंत्रपणे घडवावी लागणारी पेशी इतक्या सहजी स्वस्त होणार नाही. त्यासाठी सरकारी योजनांचीच मर्यादा वाढवावी लागेल, याला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

येथेच चाचणीची एक व्यावहारिक बाजू पुढे येते. चाचणीतील औषध सामान्यतः रुग्णाला विनामूल्य मिळते, आणि म्हणूनच लोभाने किंवा अगतिकतेने कागदावर सही होण्याचा धोका असतो. आपल्या देशात या बाबतीत पूर्वी गैरप्रकार झाले, न्यायालयांत प्रकरणे गेली, आणि त्यातून मार्च २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या यांविषयीचे नियम तयार झाले. जनुक बदलून केलेली पेशीही त्या नियमांनी ‘नवे औषध’ या व्याख्येत येते. चाचणीला हिरवा कंदील मिळण्यापूर्वी तिची छाननी एक नैतिकता समिती करते. तीत किमान सात सभासद असावे लागतात, निम्मे त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक कायदा जाणणारा व एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. गंभीर अपाय झाल्यास चोवीस तासांच्या आत वरपर्यंत कळवावे लागते. अपाय चाचणीमुळे झाला असेल तर उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई पुरस्कर्त्याने द्यावयाची असते. रुग्ण केव्हाही, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकतो, आणि त्यापायी त्याचे नेहमीचे उपचार बंद होऊ शकत नाहीत. शिवाय जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत होणे अनिवार्य आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते, आणि कॉलेजात जाणारी भाची किंवा पुतण्या घरात असला म्हणजे हे काम पाच मिनिटांचे आहे.

याच्या उलट बाजूला काय आहे, हेही पाहावे. टाटातून ‘आता औषध नाही’ असे ऐकून परतलेल्या माणसाला गावात सल्ला देणारे भेटतातच. कोणी झाडपाल्याच्या पुड्या आणून देतो, कोणी दूरच्या जिल्ह्यातील वैद्याचा पत्ता, कोणी परदेशातून औषध मागवून देण्याची हमी घेऊन आगाऊ रक्कम मागतो. हेही प्रयोगच आहेत. त्यांत मात्र प्रश्न लिहिलेला नसतो, मात्रा ठरलेली नसते, अपायाची दाद मागावयास जागा नसते, आणि रुग्ण दगावला तर त्याच्या मरणातून पुढच्या रुग्णाला उपयोगी पडेल असे अक्षरही कोठे नोंदले जात नाही. आपल्या माणसावर प्रयोग होऊ द्यावा की नाही, असा पेच घरच्यांना वाटतो. वस्तुतः प्रयोग दोन्हीकडे आहे, आणि निवड करावयाची ती नोंद होणारा व न होणारा यांच्यात. माझी पसंती कोणाला, हे निराळे सांगावयास नको. तरीही कोणी विचारपूर्वक चाचणीस नकार दिला, वेदनाशमन घेत घरच्या माणसांत राहण्याचे ठरवले, तर तोही निर्णय तितक्याच आदराने घेतला जावा.

म्हणून पडघ्याच्या, भिवंडीच्या, शहापूरच्या वाचकांना एवढीच विनंती आहे. चाचणीविषयी सांगितले गेले, तर त्याच दिवशी सही करण्याची घाई करू नका. टप्पा कोणता, आजवर किती जणांना हे औषध दिले, त्यांचे काय झाले, आमचा खर्च कोणता आणि तुमचा कोणता, बिघाड झाल्यास रात्री-अपरात्री फोन कोणाला करावयाचा, हे विचारा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणा, आणि घरात ज्याला चांगले वाचता येते त्याच्याकडून रुग्णासमोर मोठ्याने वाचून घ्या. जे कळले नाही त्याच्याखाली रेघ मारून पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारा. सही केलीत, तर माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्या हाती देणे नियमाने बंधनकारक आहे. ती मागून घ्या आणि रुग्णाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा.